स्नो-स्कूटर : रचना, निगा आणि दुरुस्ती

तामिळनाडूतील कुंभकोणम या तीर्थक्षेत्राजवळ, कावेरीच्या काठी, तिरुविसनल्लूर नावाचे गाव आहे. तंजावरचे मराठे राजे शहाजी (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी हे गाव विद्वान पंडितांना अग्रहार म्हणून दिले. त्यामुळे त्यास शहाजीराजपुरम असेही नाव पडले. येथे बर्फ कधीच पडत नाही. तरीही हिमप्रदेशात चालणाऱ्या वाहनाचे मूळ तत्त्व समजून घेण्यास कावेरीच्या त्रिभुज प्रदेशासारखी दुसरी जागा शोधूनही सापडणार नाही. कुरुवै भाताची कापणी ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते. शेतात पाणी साचते, माती लोण्यासारखी मऊ होते आणि चाकांवर चालणारे कापणी-मळणी यंत्र त्यात रुतून बसते. म्हणून या भागात चाकांऐवजी रुंद रबरी ट्रॅकवर चालणारी कापणीयंत्रे भाड्याने आणली जातात. वजन तेच राहते; मात्र ते अधिक जागेवर पसरते आणि चिखल ते सहन करतो.

स्नो-स्कूटरचेही असेच आहे. पुढे दिशा देण्यासाठी दोन स्की, मागे एकच रुंद रबरी ट्रॅक आणि मध्ये इंजिन, अशी तिची ठेवण असते. स्वारासह तिचे वजन ३०० किलोग्रॅम धरले आणि बर्फाला टेकणारा ट्रॅकचा भाग ४० सेंटिमीटर रुंद व १५० सेंटिमीटर लांब धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर केवळ ०.०५ किलोग्रॅम भार येतो. याउलट ७० किलोग्रॅम वजनाचा माणूस चालताना एका पायावर उभा असतो त्या क्षणी, तळव्याचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरल्यास, दर चौरस सेंटिमीटरवर ०.३५ किलोग्रॅम भार देतो. म्हणजे ज्या मऊ बर्फात माणूस मांडीपर्यंत रुततो, त्याच बर्फावरून त्याच्या चौपटीहून अधिक वजनाचे यंत्र तरंगत जाऊ शकते.

या साध्या गणिताच्या मागे एक दुःखद इतिहास आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात व्हॅलकूर या गावी जोसेफ-आर्मांद बॉम्बार्दिये (१९०७ ते १९६४) नावाचा एक कल्पक यंत्रकारागीर राहत होता. १९२२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने बर्फावर चालणारे पहिले वाहन बनविले होते. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटाच्या विकाराने अत्यवस्थ झाला; परंतु रस्ते बर्फाने बुजलेले असल्यामुळे त्याला वेळेवर रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. पुढे बॉम्बार्दियेने रबरी ट्रॅक आणि तो फिरविणारे दातेरी चाक यांची रचना सिद्ध करून १९३७ मध्ये तिचे पेटंट मिळविले, आणि १९५९ मध्ये एकदोन माणसांना पुरेशी अशी हलकी स्की-डू बाजारात आणली.

भारतीयांच्या वापरात हे वाहन मुख्यतः तीन ठिकाणी आढळते. काश्मीरमध्ये गुलमर्ग येथे पर्यटक त्यावर बसतात. एप्रिल १९८४ मध्ये भारतीय सैन्य सियाचिन हिमनदीवर गेले; तेथे एका तळावरून दुसऱ्या तळावर माणसे व सामान नेण्यासाठी सैनिक स्नो-स्कूटर वापरतात. तिसरे ठिकाण म्हणजे अंटार्क्टिका. पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. दक्षिण गंगोत्री हे आपले तेथील जुने, आता बंद झालेले ठाणे; मैत्री आणि २०१२ मध्ये सुरू झालेले भारती ही आपली तेथील ठाणी होत, आणि या मोहिमांची व्यवस्था गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. मैदानी रस्त्यावर मोटार बंद पडली तर दुसऱ्या वाहनाची वाट पाहता येते. हिमनदीवर तळापासून वीस किलोमीटरवर स्कूटर बंद पडली, तर परत येण्याचा प्रश्न हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. म्हणून या यंत्राची दुरुस्ती बिघाडानंतर सुरू होत नाही. ती निघण्यापूर्वीच करावयाची असते.

शक्तीची किंमत

आपल्या शेतातील ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सुमारे दोन टन वजनाचा असतो. उंच पर्वतांसाठी बनविलेल्या आजच्या उच्च क्षमतेच्या स्नो-स्कूटरचे वजन जेमतेम २०० ते २२५ किलोग्रॅम असते. मात्र तिचे ८५० घनसेंटिमीटरचे, दोन सिलिंडरांचे इंजिन सुमारे १६० अश्वशक्ती देते. हा चमत्कार फुकट मिळत नाही. ट्रॅक्टरचे जाड ओतीव लोखंड हा त्याचा राखीव साठा असतो. चूक झाली, वंगण थोडे कमी पडले, तरी तो पुष्कळ काळ सहन करतो. स्नो-स्कूटरमध्ये वजन घटविण्यासाठी हा राखीव साठाच काढून टाकलेला असतो. इंजिन मिनिटास सुमारे ८,००० फेरे घेते, भाग पातळ व हलके असतात आणि दोन धावांच्या म्हणजे टू-स्ट्रोक पद्धतीत क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होतो. जेथे यंत्राजवळ स्वतःची सहनशक्ती उरलेली नाही, तेथे ती उणीव कारागिराच्या नियमितपणाने भरून काढावी लागते.

कामाला हात लावण्यापूर्वी

इंजिन बंद करून सुरक्षा-दोरी काढून ठेवावी. यंत्राचा मागील भाग भक्कम घोडीवर टेकवावा. झाकण उघडे असताना फिरत्या पट्ट्याजवळ अथवा ट्रॅकजवळ कोणीही उभे राहू नये. तुटलेला पट्टा किंवा ट्रॅकमधून सुटलेला धातूचा तुकडा मोठ्या वेगाने बाहेर येतो. थंडीमुळे दारे लावून छपरीत इंजिन चालविण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो माणसाला जागे होण्याची संधी देत नाही. शून्याखाली तीस अंशांत उघड्या हाताने धातूला स्पर्श केल्यास कातडी चिकटते. अशा तापमानातही पेट्रोल गोठत नाही. ते हातावर सांडले तर झपाट्याने उडून जाताना बोटांतील उष्णता ओढून घेते आणि हिमदंश होतो. म्हणून इंधन भरताना पेट्रोल आत झिरपणार नाही असे हातमोजे घालावेत.

पट्टा आणि दोन कप्प्या

मोटारीप्रमाणे येथे गियर बदलावे लागत नाहीत. इंजिनाच्या दांड्यावर एक कप्पी आणि ट्रॅककडे जाणाऱ्या दांड्यावर दुसरी, अशा दोन कप्प्यांवरून एक रुंद रबरी पट्टा फिरतो. प्रत्येक कप्पी तिरप्या कडांच्या दोन थाळ्यांची बनलेली असते. इंजिनाचा वेग वाढला की पहिल्या कप्पीतील लहान वजने बाहेर फेकली जातात आणि थाळ्यांना जवळ दाबतात; पट्टा वर चढतो. त्याच वेळी दुसऱ्या कप्पीच्या थाळ्या फाकतात आणि तेथे पट्टा खाली उतरतो. अशा रीतीने चढ, उतार आणि भार यांच्या मानाने गियर आपोआप बदलत राहतो.

साऱ्या यंत्राचा जोर या एका पट्ट्यातून जातो. प्रवासापूर्वी तो काढून उलटसुलट वाकवून पाहावा. कडेला तकाकी आलेली असेल तर पट्टा घसरत होता असे समजावे. एकाच जागी तो कंबरेसारखा बारीक झाला असेल, तर ट्रॅक बर्फात अडकलेला असताना कोणी जोराने इंजिन फिरविले, हे त्यावरून निश्चित कळते. खाली तडे दिसल्यास पट्टा बदलावा आणि रुंदी ठरलेल्या मर्यादेहून कमी झाल्यासही बदलावा. थाळ्यांवर बसलेला रबराचा थर तेलकट नसलेल्या द्रावणाने पुसून काढावा. नवा पट्टा बसविल्यावर प्रारंभीचे काही किलोमीटर बेताने चालवावे, म्हणजे तो कप्प्यांना नीट बसतो.

पट्टा फुटल्यानंतर नवा घालून लगेच पुढे निघणे ही नवख्यांची सवय असते. परंतु फुटलेल्या पट्ट्याचे दोरे पहिल्या कप्पीच्या मागे, क्रँकच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि तेथील सील कापतात. कापलेल्या सीलमधून बाहेरची हवा इंजिनात शिरते, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, पिस्टन तापतो आणि पुढच्या चढावर इंजिन जाम होते. त्या वेळी कोणालाही पट्ट्याची आठवण होत नाही. पट्टा फुटला की कप्पीमागचे सर्व दोरे वेचून काढल्याखेरीज इंजिन सुरू करू नये, हा नियम म्हणूनच काटेकोरपणे पाळला जातो.

इंजिनाची परीक्षा

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या पेटीत तेल साठविलेले नसते. पेट्रोलबरोबर थोडथोडे तेल आत जाते, आपले काम करते आणि जळून जाते. यास्तव तेलाची टाकी, पंपाची तार आणि नळीतील हवेचे बुडबुडे यांकडे रोज लक्ष द्यावे लागते. तेल क्षणभर थांबले तरी चालेल, अशी सवलत येथे नाही.

इंजिनाची प्रकृती जाणून घेण्याची साधी चाचणी म्हणजे दाबमापन. दोन्ही प्लग काढावेत, थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवावे, दाबमापी बसवून काटा स्थिर होईपर्यंत इंजिन फिरवावे आणि दोन्ही सिलिंडरांचे आकडे लिहून ठेवावेत. उंच ठिकाणी हवा विरळ असल्यामुळे दोन्ही आकडे मैदानापेक्षा कमी येतात. त्याने घाबरून जाऊ नये. दोहोंतील फरक महत्त्वाचा असतो. तो दहा टक्क्यांहून अधिक झाला तर रिंगा, पिस्टन अथवा सिलिंडर यांपैकी काहीतरी झिजले आहे असे मानून इंजिन उघडावे.

उघडल्यावर पिस्टन आपली हकीकत स्वतःच सांगतो. त्याच्या चारही बाजूंवर उभे ओरखडे असतील तर इंजिन गरम होण्यापूर्वीच त्यावर जोर टाकला गेला आहे. पिस्टन क्षणात तापून फुगतो. सिलिंडरभोवतीचे पाणी मात्र अजून थंडगार असते. दोहोंमधील अंतर नाहीसे होते आणि पिस्टन अडकतो. धूर बाहेर जाणाऱ्या बाजूलाच ओरखडे असतील, किंवा माथ्याला वितळल्याची खूण असेल, तर पेट्रोल कमी पडत होते. कडा वाळूने घासल्यासारख्या खडबडीत दिसल्या तर इंधन हलक्या प्रतीचे असण्याचा अथवा स्फोट अवेळी होत असण्याचा संभव आहे. कारण न शोधता केवळ नवा पिस्टन बसविणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठविणे होय. बऱ्याच सिलिंडरांच्या आतील भिंतीवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर असतो. तो जुन्या लोखंडी सिलिंडराप्रमाणे गावच्या लेथवर कापून मोठा करता येत नाही. थर खरवडला गेला असेल तर तो पुन्हा चढवून घ्यावा लागतो किंवा सिलिंडरच बदलावा लागतो.

विरळ हवेचा हिशेब

समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर चढल्यावर साध्या इंजिनाची शक्ती सुमारे तीन टक्क्यांनी घटते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथे १६० अश्वशक्तीचे इंजिन सुमारे १२० अश्वशक्तीचे उरते. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब जवळजवळ निम्मा होतो आणि शक्तीही त्याच मानाने उतरते. ही तूट भरून काढण्यासाठी २०२० च्या सुमारास काही कारखान्यांनी टर्बो बसविलेली पर्वतीय स्नो-स्कूटर तयार करण्यास प्रारंभ केला.

जुन्या, कार्ब्युरेटरच्या यंत्रांत कारागिराला आणखी एक काम असते. उंचीवर हवा कमी, पेट्रोल मात्र तेवढेच; त्यामुळे मिश्रण दाट होते, प्लग काळा पडतो आणि इंजिन घुसमटते. उपाय म्हणून लहान छिद्राचा जेट बसवितात. प्लगचे टोक फिकट तपकिरी दिसले की मिश्रण योग्य आहे असे समजतात. खरा धोका यानंतर येतो. तेच यंत्र खालच्या दरीत उतरले, किंवा रात्रीत थंडी एकदम वाढून हवा घट्ट झाली, तर लहान जेट पुरेसे पेट्रोल देऊ शकत नाही. इंजिन त्या दिवशी नेहमीपेक्षा चपळ धावते आणि थोड्याच वेळात पिस्टनला छिद्र पडते. यास्तव चढताना जेट बदलण्यात कुचराई झाली तर शक्ती जाते, परंतु उतरताना झाली तर इंजिन जाते.

नव्या यंत्रांत इंधनाचा हा हिशेब इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. तरीही कप्पीतील वजने कारागिरालाच बदलावी लागतात. शक्ती घटल्यावर जड वजने इंजिनाला त्याच्या योग्य वेगापर्यंत चढू देत नाहीत. म्हणून उंचीवर हलकी वजने घालतात.

बर्फ हेच वंगण

थंड प्रदेशातील हे यंत्र बहुधा उष्णतेने मरते, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. मोटारीसारखा पंखा आणि समोर रेडिएटर येथे सामान्यतः नसतो. इंजिनातील गरम द्रव आसनाखालच्या धातूच्या पन्हळीत फिरतो आणि ट्रॅकने उडविलेला बर्फ त्या पन्हळीवर आदळून तो थंड होतो. त्याचप्रमाणे ट्रॅकच्या आत दोन लांब रुळांवर प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्या असतात. ट्रॅक त्यांवरून घासत जातो आणि वितळणाऱ्या बर्फाचे पाणी हेच तेथील वंगण असते. मऊ बर्फात दोन्ही व्यवस्था उत्तम चालतात. काचेसारख्या कठीण निळ्या बर्फावर मात्र काहीच उडत नाही. इंजिन तापते आणि सरकपट्ट्या वितळू लागतात. अशा मार्गासाठी बर्फ खरवडणाऱ्या पोलादी स्प्रिंगा खाली सोडतात, आणि मधून मधून यंत्र मऊ बर्फात नेतात. सरकपट्टीवर झिजेची मर्यादा दाखविणारी रेषा असते. ती दिसेनाशी होण्यापूर्वीच पट्टी बदलावी, अन्यथा धातूचा रूळ ट्रॅकला खाऊ लागतो.

ट्रॅक, साखळी आणि सांधे

ट्रॅकचा ताण पाहण्यासाठी मागील भाग उचलून, ट्रॅकच्या मध्यभागी ठरलेले वजन टांगून, तो किती खाली येतो हे मोजतात. तो अधिक ताणलेला असेल तर शक्ती घर्षणात वाया जाते व बेअरिंगे खराब होतात. सैल असेल तर दातेरी चाकावरून उड्या मारतो. दोन्ही बाजूंचे बोल्ट सारख्या प्रमाणात फिरवून ट्रॅक मधोमध राहील असे करावे. सायकलचे मागचे चाक ज्यांनी कधी बसविले असेल त्यांना हे सहज समजेल. कावेरीकाठच्या कापणीयंत्राचा चालकही आपल्या ट्रॅकचा ताण याच दृष्टीने पाहतो.

पर्वतीय यंत्राच्या ट्रॅकवर सहा-सात सेंटिमीटर उंचीची रबरी पाती असतात. फाटलेली पाती आणि निसटलेल्या धातूच्या चिमट्या मोजून ठेवाव्यात. रात्री यंत्र लाकडी ओंडक्यांवर उभे करावे, म्हणजे ट्रॅक जमिनीला गोठून चिकटत नाही. चिकटलाच, तर मागून उचलून तो मोकळा करावा. इंजिनाच्या जोराने ओढू गेल्यास ट्रॅक सुटण्यापूर्वी पट्टा जळतो.

साखळीच्या पेटीतील तेल ठरावीक काळाने बदलावे. निचरा-बोल्टाच्या चुंबकाला बारीक काळी भुकटी लागली तर चिंतेचे कारण नाही, परंतु धातूचे कण चमकू लागले तर पेटी उघडावी. निलंबनाच्या सांध्यांत नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावे. याचा हेतू वंगणाइतकाच आत शिरलेले पाणी बाहेर ढकलणे हाही असतो, कारण तेच पाणी रात्री गोठून सांधा फोडते. त्याच कारणाने पेट्रोलची टाकीही संध्याकाळी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीतील दमट हवेचे पाणी होते आणि सकाळी नळीत बर्फाचा खडा अडकतो.

सुट्या भागांची पेटी आणि नोंदवही

गोव्यात राहणाऱ्याला स्कूटरचा भाग हवा असेल तर तो बाजारात जातो. अंटार्क्टिकात हिवाळा काढणाऱ्या तुकडीला जड सामान वर्षातून एकदा, उन्हाळ्यातील जहाजाने मिळते. पुढच्या जुलैत कोणता भाग तुटेल, हे जहाज निघण्यापूर्वीच ओळखावे लागते. स्वाराजवळ नेहमी जादा पट्टा, प्लग, आवश्यक पाने आणि तार असावी. तळावर पिस्टन, रिंगा, सील, गॅस्केट, बेअरिंगे आणि सरकपट्ट्या असाव्यात. ही यादी कोणाच्या तर्काने करावयाची नसते. ती नोंदवहीतून निघते. प्रत्येक यंत्राने किती तास काम केले, कोणता पट्टा कोणत्या दिवशी बदलला, दोन्ही सिलिंडरांचा दाब किती भरला, प्लगचा रंग कोणता होता, त्या दिवशी तापमान किती होते, हे सर्व ज्या वहीत लिहिले जाते तिचे मोल कोणत्याही हत्याराहून कमी नाही. दाबाचा एक आकडा पाहून काहीच कळत नाही. परंतु तीन महिन्यांचे आकडे एकाखाली एक लिहिले की कोणता सिलिंडर थकत चालला आहे ते स्पष्ट दिसते.

हंगाम संपल्यावर इंजिनात संरक्षक तेलाचा फवारा मारून, पट्टा काढून, ट्रॅक सैल करून यंत्र कोरड्या जागी ठेवावे, आणि उंदीर शिरणार नाहीत अशा रीतीने हवेचे मार्ग बुजवावेत. पुढील हंगामात ते बोळे काढल्याची नोंदही त्याच वहीत करावी. इंजिन सुरू करण्याची परवानगी त्यानंतरच द्यावी.